कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत एसी लावला की आरपीएम पडतो आणि गाडी बंद पडते, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की एसी बंद असताना गाडी ८०० वर मस्त चालते, एसी लावला की ५०० वर येऊन थरथरते आणि सिग्नलला बंद पडते, मेकॅनिकने आयडल स्क्रू (एक्सलेटर सोडल्यावर इंजिन किती फिरावं ते ठरवणारा) पिळून दिला तर आता एसी नसताना १२०० वर बोंबलते आणि किल्ली बंद केली तरी इंजिन दोन-चार सेकंद फडफडत राहतं. सेम टू सेम हेच मी दोन उन्हाळे भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम म्हणजे तो स्क्रू होता तिथे परत आणा. कार्बोरेटरला एसी चालू झालाय हे कळायचा काही मार्गच नसतो, नव्या गाडीत कॉम्प्युटर ते बघून हवा वाढवतो, इथे ते आपल्यालाच करावं लागतं. आणि स्क्रूने थ्रॉटल (कार्बमधली हवेची झडप) जास्त उघडा ठेवला की आयडललाच ट्रान्सफर स्लॉटमधून (एरवी एक्सलेटर थोडा दाबल्यावर पेट्रोल देणारी फट) पेट्रोल यायला लागतं, मग मिक्स्चर स्क्रू (आयडलचं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) कितीही फिरवा, ढिम्म फरक पडत नाही. किल्ली बंद केल्यावर फडफडतं तेही बहुतेक त्याच उघड्या थ्रॉटलमुळे.

त्यामुळे आधी एसी बंद ठेवून बेस नीट करा. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडलेला, प्लग, पॉइंट आणि ठिणगीचं टायमिंग बरोबर, आणि मगच कार्बला हात. मिक्स्चर स्क्रू हळूहळू आत घेत गेलं की इंजिन मरायला हवं, मरत नसेल तर पेट्रोल दुसरीकडून येतंय असं समजा (स्क्रू आवळू नका हां, टोक खराब होतं). व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोरात ओढतंय ते दाखवणारं मीटर) असेल तर फारच छान, चांगल्या तब्येतीच्या इंजिनाला आयडलवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) आणि काटा स्थिर हवा. काटा कमी दाखवत असेल तर कुठूनतरी हवा खेचतेय का बघा: कार्बखालचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरचा पाइप, कडक होऊन चिरलेले छोटे रबरी पाइप, आणि खूप चाललेल्या कार्बमध्ये थ्रॉटलचा शाफ्टच ढिला झालेला असतो. एसी नसताना हा लीक जाणवत नाही, इंजिन कसंबसं ओढून नेतं, एसीच्या कॉम्प्रेसरचा (गॅस दाबणारा पंप, तो इंजिनच फिरवतं) लोड आला की उघडं पडतं.

आता मुख्य गोष्ट, आयडल-अप. कॉम्प्रेसर चालू झाला की तेवढ्यापुरता थ्रॉटल किंचित उघडणारी वस्तू. एक प्रकार इलेक्ट्रिक सोलेनॉइडचा (करंट मिळाला की दांडी बाहेर काढणारा), दुसरा व्हॅक्यूमवर चालणाऱ्या डायफ्रामचा (रबरी पडद्याचा), त्याला मॅनिफोल्डचा (कार्बखालच्या नळीतला) व्हॅक्यूम एका इलेक्ट्रिक व्हॉल्व्हमधून देतात. मी सोलेनॉइड बसवला, एसी लावला, कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणारा क्लच टक्क वाजला आणि सोलेनॉइडची दांडी जागची हललीच नाही. वायरिंग तीनदा उपसलं, सोलेनॉइड खराब म्हणून दुसरा आणला, तोही तसाच! मग एका जुन्या जाणत्याने सांगितलं की अरे एसी लावल्यावर एकदा एक्सलेटर जरासा दाब. दाबला, दांडी बाहेर आली आणि तिथेच थांबली. हे बरेचसे सोलेनॉइड थ्रॉटलची स्प्रिंग ढकलू शकत नाहीत, फक्त धरून ठेवतात. आता ती सवयच लागलीये.

वायर मात्र डॅशबोर्डवरच्या एसीच्या बटणावरून घेऊ नका, कॉम्प्रेसरच्या क्लचच्या वायरवरून सिग्नल घ्या आणि मध्ये रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच) टाका. बटणावरून घेतली तर थर्मोस्टॅटने क्लच सोडला की लोड जातो पण आयडल-अप तसाच राहतो, आणि गाडी दर मिनिटाला उगाच वर-खाली होत बसते. सेटिंग करताना एसी फुल, ब्लोअर फुल, हेडलाइट चालू, आणि मग आयडल-अपचाच स्क्रू फिरवून ८५० ते ९०० च्या आसपास आणा, बेसचा स्क्रू अजिबात नाही.

एवढं करूनही दम लागत असेल तर मग दोष कार्बचा नाही, लोडच जास्त आहे. गॅस जास्त भरलेला असेल किंवा कंडेन्सरवर (पुढची एसीची जाळी) हवा नीट येत नसेल तर प्रेशर चढतं आणि कॉम्प्रेसर फिरवायला इंजिनला जास्त जोर लागतो. जुन्या आर-१२ गॅसच्या सिस्टिममध्ये नंतरचा आर-१३४ए गॅस भरला असेल तर उभ्या गाडीत हे अजूनच जाणवतं. म्हणूनच चालत्या गाडीत ठीक आणि सिग्नलला मरते. पुढे चांगला इलेक्ट्रिक फॅन लावल्यावर माझं अर्धं दुखणं गेलं खरं, पण फॅन, ब्लोअर आणि क्लच मिळून आयडलवर जुन्या डायनॅमोला झेपत नाही, व्होल्टेज पडला की कॉइलची ठिणगी कमजोर होते, तर तिथे मीटर लावून बघाच. आणि दहा-पंधरा मिनिटं ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावरच त्रास होत असेल तर पेट्रोल कार्बमध्येच उकळत असण्याची शक्यता आहे, कार्बखाली जाड इन्सुलेटर टाका आणि पेट्रोलचा पाइप इंजिनच्या गरम भागापासून लांब न्या.

गाडी ऑटोमॅटिक आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीये. असेल तर शेवटचं सेटिंग गिअर डी (ड्राइव्ह) मध्ये टाकूनच करा, चाकांना ओंडके लावून, हँडब्रेक ओढून आणि कोणालातरी ब्रेकवर पाय घट्ट ठेवून बसवून, न्यूट्रलमध्ये ९०० दाखवणारी गाडी डी मध्ये सरळ ६५० वर येऊ शकते.