डिसेंबरात बाळ येणार, लष्करातलं जुनं घर: काय धुवायचं आणि काय घरात आणायचंच नाही

तुम्ही विचारलंय की ग्वाल्हेरला लष्कर भागात जुनं दगडी घर आहे, बायकोची तारीख डिसेंबरातली आहे, आईंचा आग्रह आहे की त्याआधी रंग, फवारणी, रोज फिनेल असं करून घर निर्जंतुक करावं. कितपत करायचं?

मी लष्करातच राहते. मुलगा ऐन थंडीतला, नातही थंडीतलीच, त्यामुळे बाळंतिणीची खोली लावायची सवय आहे. माझं मत सांगते. घरात आधीपासून असलेल्या जंतूंपेक्षा बाळासाठी म्हणून आपण जे नव्याने आत आणतो, त्याचीच मला जास्त धास्ती वाटते. धूर, वास, वाफा. ते टाळलंत की निम्मं काम झालं.

सगळ्यात आधी शेगडी. आपल्याकडे जानेवारीत रात्री पारा चार-पाचावर येतो, त्यात दगडी भिंती दिवसभर गारच. खोली ऊबदार हवी हे आईंचं म्हणणं अगदी बरोबर, कारण नवजात बाळाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. पण कोळशाची शेगडी आत घेऊन दारं लावून झोपणं, हे नको म्हणजे नकोच. कोळसा लाल झाला, धूर निघेनासा झाला की ‘आता चालेल’ असं वाटतं. धूर दिसत नाही तेव्हाही कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही, रक्तात तो ऑक्सिजनची जागा अडवून बसतो आणि झोपलेल्याला जागही येत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, तरी शेगडी आत येतेच. बाळंतिणीला शेक हवा असेल तर शेगडी अंगणात पेटवा, तव्यावर ओव्याची पुरचुंडी तापवा आणि ती आत न्या. ओवा-वेखंडाची धुरी मात्र बाळाला देऊ नका, एवढ्याशा फुप्फुसांना कुठलाही धूर हा धूरच. आमच्याकडे यावरून रुसवेफुगवे झाले, तुमच्याकडेही होतील.

खोली तापवायला तेल भरलेला विजेचा हीटर चांगला. तो थेट भिंतीतल्या सॉकेटवर लावा, एक्स्टेंशन बोर्डावर नाही, आणि त्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून जुनं वायरिंग बघून घ्या. बाळाच्या खोलीचं तापमान साधारण 25 ते 28 अंश असावं. बाळाला थंडी वाजतेय का हे पोट आणि तळपाय चाचपून कळतं: दोन्ही ऊबदार तर ठीक, पोट गरम पण पाय गार तर एक थर वाढवा, आणि पोटही गार लागलं तर बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून धरा आणि लगेच डॉक्टरांना कळवा.

न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर तो बाहेर काढून बसवा. तिथेही तोच वायू आणि दार बंद. हे काम रंगाच्या आधी.

आता ट्रंक. प्रत्येक घरात एक असते, आत्याची झबली, टोपडी, दुपटी जपून ठेवलेली, आणि उघडली की डांबराच्या गोळ्यांचा भपकारा. या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतील तर त्यांच्या वासानेही काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ज्यांच्या अंगात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं त्यांना हा धोका मोठा, आणि असे मुलगे जास्त असतात. जन्मल्याबरोबर ते चेहऱ्यावरून कळत नाही. कावीळ एकदम चढते आणि फार वाढली तर मेंदूपर्यंत इजा होते. म्हणून ते कपडे आत्ताच बाहेर काढा, पुन्हा पुन्हा धुवा, कडक उन्हात वाळवा. तरीही वास राहिला तर आठवण म्हणून ठेवा, बाळाला घालू नका. पुढे ठेवताना वाळलेला कडुनिंब पुरे. कापूर बांधलेली पोटलीही गळ्यात नको. तोंडात गेला तर कापराने झटके येतात.

रंगाचं असं आहे की नवीन रंगापेक्षा जुना जास्त त्रासाचा. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत असावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. तुमच्या दारा-खिडक्यांवरचा ऑइल पेंट त्याच्या कितीतरी आधीचा असणार. मिस्त्री तो कोरडाच घासायला लागला की शिशाची धूळ घरभर. पोपडे सुटत नसतील तर त्याला हातच लावू नका. सुटत असतील तर ओलं करून काढायला सांगा आणि त्या दिवसांत बायकोला माहेरी पाठवा; गरोदरपणातही शिसं वाईटच. सगळं दिवाळीच्या आत संपवा म्हणजे वास जायला वेळ मिळेल. फवारणी करायचीच तर तीही तेव्हाच उरका. डासांसाठी कॉइल नको, मच्छरदाणी आणा.

छताकडे बघितलंत का? आपल्या जुन्या घरांत दगडी पट्ट्यांचं छत असतं, आणि दोन पट्ट्यांच्या सांध्यातून चुन्याची भुकटी झिरपत राहते. पलंगावर काळी चादर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी कुठे पांढरं पडलंय ते दिसेल. तेवढे सांधे भरून घ्या.

फरशीला साबणाचं पाणी आणि ओलं पोतेरं पुरे, झाडूने धूळ उडवू नका. संडासात ॲसिड आणि ब्लीचिंग कधीही एकत्र ओतू नका, क्लोरीन वायू निघतो.

झोपायला बाळ पाठीवर, गादी घट्ट, आणि डोक्याशी मोहरीची उशी नाही. डोकं गोल होण्यासाठी ती लागत नाही. आईच्या जड रजईखाली बाळ घेऊ नका. रजया पिंजून घ्यायच्या असतील तर बाळ यायच्या आत, नंतर त्या रुईचा भुगा घरभर होतो.

भेटायला येणाऱ्यांना आधी साबणाने हात धुवायला लावा. बेसिनजवळ धुतलेला टॉवेल लटकवून ठेवला की वेगळं सांगावं लागत नाही. सर्दी-खोकलावाल्यांनी फोनवरच बघावं, मग मामा का असेना. चाटवायला मध आणला तर गोड बोलून बाजूला ठेवा, वर्षाच्या आत मध नाही. बाळगुटीही नको, सहा महिने आईचं दूधच, पाणीसुद्धा नाही.

बारशाला पाळणा त्याच जुन्या कडीला टांगणार असाल तर आधी गव्हाचं भरलेलं पोतं तिला बांधून रात्रभर ठेवा. कडी हलली किंवा चुना पडला तर पायांचा पाळणा आणा.