चित्र चोरून विकलं गेलं, म्हणून क्षेत्र बदलायचं का?

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. इलस्ट्रेशन शिकते, इन्स्टाग्रामवर चित्रं टाकते. तिचं एक चित्र कुणीतरी टी-शर्ट आणि मोबाइल कव्हरवर छापून ऑनलाइन विकायला ठेवलंय. तिला विचारलेलंही नाही. ‘आता चित्रं टाकणंच बंद,’ असं ती म्हणते. तिच्या वतीनं मी तक्रार करू का? आणि तिला सरळ नोकरीच्या वाटेला लावावं का? – एक पालक

उत्तर : विक्री-संकेतस्थळाकडे तक्रार तिलाच करू द्या. तक्रारीत ‘मी हक्कधारक आहे, किंवा हक्कधारकानं मला अधिकार दिला आहे’ असं स्वतःच्या जबाबदारीवर लिहून द्यावं लागतं. ती सज्ञान आहे. तुम्ही सही करणार असाल, तर आधी तिचं लेखी अधिकारपत्र घ्या.

पण तक्रारीच्याही आधी पुरावा. बहुतेक जण इथेच चुकतात : चिडून विक्रेत्याला मेसेज करतात किंवा जाहीर पोस्ट टाकतात. मग विक्रेता ते पान काढून टाकतो, दुसऱ्या नावानं दुकान उघडतो आणि दाखवायला हातात काही उरत नाही. म्हणून पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट घ्या. त्यात वेब-पत्ता, तारीख, विक्रेत्याचं नाव, किंमत आणि रिव्ह्यूंची संख्या दिसली पाहिजे. पान वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती तारखेसह साठवणारं संकेतस्थळ) जतन होत असेल तर तेही करा, म्हणजे तारखेची नोंद त्रयस्थाकडे राहते. एखादी वस्तू मागवणं फायद्याचं : बिल मिळतं आणि पाकिटावर बऱ्याचदा पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. मग गूगल लेन्स आणि टिनआय या चित्रावरून चित्र शोधणाऱ्या साधनांवर ते शोधा. एकदा आहे तसं, एकदा आरशासारखं उलटं करून आणि एकदा त्यातला ठळक तुकडा कापून. चोरणारे कधी कधी चित्र उलटं करून छापतात.

तिच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे लेअर (चित्राचे एकावर एक रचलेले सुटे थर) असलेली मूळ फाइल. चोराकडे सपाट प्रत असते, लेअर नसतात. प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये काढलं असेल तर टाइमलॅप्स, म्हणजे चित्र घडतानाचा वेगवान व्हिडिओ, असेल. कच्ची स्केचेसही शोधा. मात्र मूळ फाइल उघडून पुन्हा सेव्ह करू नका, बदलाची तारीख आजची होते. कॉपी करा आणि कॉपीच उघडा.

आता जरा अवघड प्रश्न. तिनं नकळत कुठे परवानगी दिली आहे का? एखाद्या चित्रस्पर्धेत भाग घेतला असेल तर नियमावली काढून वाचा. काही आयोजक प्रवेशिकेबरोबर वापराचे हक्कही घेतात. चित्र इतरांना वापरू देणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सीसी बाय’ हा तयार परवाना लावला असेल, तर श्रेय देऊन विक्री करायला मुभा आहे आणि ती मागे घेता येत नाही. पैसे घेऊन काढून दिलेलं चित्र असेल तर करार पाहा. चित्र गाजलेल्या सिनेमातल्या पात्राचं असेल तर तिचीच बाजू लंगडी होते, कारण पात्राचा हक्क दुसऱ्याचा असतो. आणि नुसती शैली उचलली असेल तर तक्रार टिकत नाही, कारण कॉपीराइट शैलीला किंवा कल्पनेला नसतो, प्रत्यक्ष चित्राला असतो.

‘नोंदणी केलेली नाही, मग हक्क कसला?’ असं विक्रेता म्हणेल. १८८६ च्या बर्न कराराच्या (कॉपीराइटविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) सदस्य देशांत हा हक्क मिळायला नोंदणीची अट नाही. चित्र काढलं की तो मिळतो. नोंदणीचा उपयोग पुढे खटला आणि भरपाईच्या वेळी होतो, आणि तिचे नियम देशागणिक वेगळे आहेत.

मोठ्या विक्री-संकेतस्थळांवर कॉपीराइट तक्रारीचा स्वतंत्र फॉर्म असतो. ट्रेडमार्कचा (ब्रँडचं नाव, लोगो यांसाठीचा) फॉर्म भरू नका, तक्रार फेटाळली जाते. दुकानाच्या मुख्य पानाचा पत्ताही चालत नाही. टी-शर्टचं पान वेगळं, कव्हरचं वेगळं, प्रत्येकाची लिंक द्या. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याखाली विक्रेत्यानं प्रतिदावा केला, म्हणजे पान चुकून काढलं असं लेखी कळवलं, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत तक्रारदारानं कोर्टात दावा दाखल न केल्यास पान पुन्हा सुरू होऊ शकतं. हे आधीच माहीत असलेलं बरं. शिवाय तक्रारदाराचं नाव आणि संपर्क विक्रेत्यापर्यंत जाऊ शकतो, म्हणून घरचा पत्ता देऊ नका. कामासाठी वेगळा ई-मेल आणि पत्रव्यवहाराचा वेगळा पत्ता ठेवा.

विक्रेता फुटकळ असेल तर पान उतरवून घ्या आणि पुढे व्हा. त्याच्याकडून पैसे वसूल करण्यात वर्ष जाईल. नावाजलेली कंपनी असेल तर मात्र घाई नको. वकिलामार्फत विचारा : किती नग विकले, कधीपासून, कोणकोणत्या देशांत. त्यावरून मागील वापराची फी ठरते. ‘आम्ही श्रेय देतो’ ही भरपाई नव्हे. तडजोडीच्या कागदात ‘सर्व हक्क कायमचे हस्तांतरित’ असं वाक्य घुसवलेलं असेल तर सही करू नये.

चित्रं टाकणं बंद करू नये, काम त्यातूनच येतं. लांब बाजू १,२०० पिक्सेलच्या आसपास ठेवा. ३०० डीपीआयला (छपाईत इंचाला ३०० ठिपके) ती जेमतेम ४ इंच छापली जाते. हल्ली सॉफ्टवेअरनं चित्र मोठं करता येतं, त्यामुळे हा कडेकोट बंदोबस्त नाही. कोपऱ्यातली सही कापली जाते, ती चित्राच्या आत गुंफावी.

नोकरीबद्दल : नोकरीत काढलेल्या चित्रांचा हक्क बहुधा मालकाकडे जातो. तिला स्टुडिओत काम करावंसं वाटलं तर जरूर करू दे, पण नेमणूकपत्रावर सही करण्याआधी एक गोष्ट लेखी घ्यायला सांगा : कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या साधनांवर काढलेली चित्रं तिचीच राहतील.