वाचकांचे प्रश्न : वजनं उचलून मन खंबीर होतं का?

प्रश्न : वय ४६, बँकेत नोकरी. गेल्या वर्षी सासूबाईंचं दुखणं काढलं, तेव्हापासून बारीकसारीक गोष्टीनेही जीव हलतो. मुलीच्या आग्रहाने जिम लावली. तिसऱ्या दिवशी जिना उतरवेना, बाराव्या दिवशी सोडून दिली. आता ‘एवढंही जमलं नाही’ हे नवं ओझं झालंय. वजनं उचलून मन खंबीर होतं, हे खरं का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, खरं आहे. तुमचं मन कमी पडलं नाही, सुरुवातीचं माप चुकलं. पहिल्याच दिवशी सहा मशीन आणि प्रत्येकावर चार-चार सेट केले की स्नायूंचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. मग खाडा पडतो आणि खाड्याची टोचणी व्यायामाहून जड होते.

२०१८ साली ३३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १,८७७ जण होते. वजनांच्या व्यायामाने नैराश्याची लक्षणं कमी झाली, आणि हा फायदा ताकद किती वाढली यावर अवलंबून नव्हता. म्हणून दात-ओठ खाऊन उचलण्याची गरजच नाही. ठरवलेलं थोडं काम पुन्हा पुन्हा पुरं होणं, आणि ते आपल्या डोळ्यांना दिसणं, यातून मनाला आधार मिळतो असं आम्ही मानतो.

मंगळवार आणि शुक्रवार धरा, अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, ओट्याला हात टेकून जोर, पाण्याचा ५ लिटरचा कॅन (म्हणजे ५ किलो) कमरेकडे ओढणं, आणि पाठ सरळ ठेवून, कंबर मागे नेत जमिनीवरची पिशवी उचलणं. प्रत्येकी ८ ते १० वेळा, दोन सेट, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. पहिल्या आठवड्यात एकच सेट. थांबाल तेव्हा आणखी दोन-तीन सहज झाले असते असं वाटलं पाहिजे. ही शिल्लक ठेवणंच सगळ्यांना अवघड जातं.

लागोपाठ दोन वेळा १२ पर्यंत आरामात पोचलात की मगच वजन वाढवा. पुष्कळ जिममध्ये ५ किलोच्या डंबेलनंतर थेट साडेसातचं असतं. ही एकदम दीडपट वाढ झाली, इथेच खांदा धरतो. आधी १५ पर्यंत आकडा न्या.

आणि वही ठेवा : ‘मंगळ. उठबस १०, १०. कॅन ९, ८. झोप कमी.’ बस, एवढंच. मन म्हणतं ‘मला काहीच जमत नाही’, तेव्हा सहा आठवड्यांपूर्वीचं पान उघडून आजच्याशी ताडून बघा. वाईट दिवसासाठी नियम आधीच ठरवून ठेवा : एकच सेट, पण खाडा नाही.

प्रश्न : वय २९. सेट संपला की छाती धडधडते आणि घाबरल्याचा झटका येतोय असं वाटतं. व्यायाम सोडू का?
— रावपुरा, बडोदे

उत्तर : एकदा डॉक्टरांकडून हृदय आणि रक्तदाब तपासून घ्या. सगळं ठीक असेल तर सोडू नका. ही धडधडच तुमच्या उपयोगाची आहे. सेटनंतर बसा, घड्याळाकडे बघा, धडधड उतरायला किती वेळ लागतो ते लिहा. धडधड चढते आणि आपोआप उतरते, हे शरीराने पन्नासदा अनुभवलं की तिची धास्ती ओसरत जाते. जोर लावताना श्वास सोडा. दम कोंडलात तर रक्तदाब चढतो, गरगरतं, आणि भीतीला निमित्त मिळतं.

छातीत दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. मनाची औषधं चालू असतील तर बरं वाटू लागलं म्हणून परस्पर बंद करू नका. ठोके मंदावणारी गोळी असेल तर नाडी मोजून श्रम कळत नाहीत. पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघा.

प्रश्न : जिम परवडत नाही. घरच्या घरी जोर-बैठका चालतील?

उत्तर : उत्तम चालतील. व्यायामगुरू माणिकरावांच्या आखाड्याच्या या बडोद्यात ही शंका नकोच! मात्र बैठका पन्नासावर गेल्या की तो दमसासाचा व्यायाम होतो, ताकद थोडीच वाढते. तेव्हा आकडा वाढवू नका. खाली जाताना तीन अंक मोजा, किंवा पाठीवर पुस्तकांची पिशवी घ्या. जोराने मनगट दुखत असेल तर मुठी टेकवा किंवा ओट्यापासून सुरुवात करा.