मिक्सर फुटका आला, कंपनी दाद देत नाही

प्रश्न: ताई, मी भांडुपला राहते. ऑनलाइन ४२०० चा मिक्सर मागवला तर भांड्याला तडा! कंपनी म्हणते सेलरशी बोला, सेलर फोनच उचलत नाही आणि अ‍ॅपवर तक्रार बंद केलीय असं दिसतंय. महिना झाला. सोडून देऊ का?

उत्तर: अजिबात सोडू नका हो, कष्टाचे पैसे आहेत. आधी बिल, फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट सगळं एका जागी ठेवा, आणि फोनवर भांडत बसण्यापेक्षा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याचं नाव नि नंबर साइटवर द्यावाच लागतो, ४८ तासांत पोच आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची असते, त्यामुळे 'सेलरशी बोला' म्हणून हात झटकणं मला तरी पटत नाही.

तरी हलले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. पण हेल्पलाइन फक्त मध्यस्थी करते, कंपनीला हुकूम देऊ शकत नाही, तो अधिकार ग्राहक आयोगाचा, म्हणजे ग्राहक कोर्टाचा. सेलर दिल्लीचा असला तरी तुम्ही मुंबईत राहता म्हणून इथल्याच जिल्हा आयोगात केस टाकता येते, वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या होतं. केस टाकायची मुदत २ वर्षं.

आणि प्लीज, गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करू नका, फसवणूक करणारे तिथेच टपलेले असतात. रिफंडसाठी ओटीपी मागितला की फोन ठेवा.