पक्ष्यांची पहिली फेरी गावच्या पाझर तलावावरच घ्या

तुमचा प्रश्न मला असा समजला. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, दोन शिक्षक आणि चार-पाच तरुण मिळून दर महिन्याला सगळ्यांसाठी पक्षी बघायची फेरी सुरू करायची आहे. गावाबाहेर एक पाझर तलाव आहे, पलीकडे गायरानाचा माळ. तुमच्यात पक्ष्यांचं जाणतं कोणी नाही, म्हणून पहिला कार्यक्रम बस करून जायकवाडीला न्यावा असा विचार चाललाय. परवानगी कुणाची, माणसं किती, आणि लोकांना दाखवायचं काय, हे तुम्ही विचारलंय.

बस करू नका. परभणी भागात मी बरीच वर्षं अशा फेऱ्या घेते आहे आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कंच होत गेलंय: नवख्या माणसाची पहिली फेरी त्याच्या रोजच्या पायाखालच्या जागेवर व्हावी, आणि पुढच्या महिन्यात त्याच वाटेने परत जावं.

जायकवाडी मोठीच जागा आहे, यात वाद नाही. १९८६ साली अभयारण्य झालं, क्षेत्र ३४० चौरस किलोमीटरच्या आसपास. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब तिथे उतरतात, चक्रवाक, तलवार बदकं, नशिबात असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगोही दिसतात. पण एवढ्या विस्तीर्ण पाण्यावर पक्षी कुठे बसतील हे त्या वर्षीच्या पाण्यावर ठरतं. रोहित चोच उलटी करून उथळ पाणी गाळून खातो. धरण काठोकाठ भरलं की काठचा उथळ भाग नाहीसा होतो आणि ते दुसरीकडे निघून जातात. पन्नास माणसं पहाटे उठून, दीड-दोन तास बसमध्ये बसून काठावर पोचतात आणि दूर पाण्यावर काळे ठिपके बघून परत येतात. त्यातली निम्मी पुढच्या वेळी येत नाहीत. वर्षभर गावातल्या फेऱ्या झाल्या, लोकांच्या हाताला दुर्बिणीची सवय झाली, की जानेवारीत जरूर जा. तेव्हा त्या ठिपक्यांमध्येही त्यांना पक्षी दिसायला लागतील.

आता तुमच्या तलावाचं. आपल्याकडचे कितीतरी पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांतून झाले. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्या भिंतींवर स्वतः माती टाकलेली असते. अशा एखाद्या आजी-आजोबांना पहिल्या फेरीला बोलवा, त्यांना दहा मिनिटं बोलू द्या. तलाव कुणाचा हे लोकांना कळलं की तिथल्या पक्ष्यांकडेही ते वेगळ्या नजरेने बघतात.

पहिल्या फेरीत पाच-सहा पक्षी पुरे. मी मुद्दाम असे निवडते जे ठरलेल्या जागी हमखास भेटतात आणि काहीतरी करत असतात. त्यात पहिला मान कवड्या खंड्याचा. काळापांढरा, मैनेपेक्षा जरासा मोठा. पाण्यावर आठ-दहा मीटर उंचीवर येतो आणि हवेत एका जागी थांबतो. पंख जोरात हलत असतात, डोकं मात्र जागचं हलत नाही, चोच सरळ खाली. मग दगड पडावा तसा पाण्यात. बऱ्याचदा मासा हुकतो, तो वर येतो, पंख झटकतो आणि दोन हात पुढे सरकून पुन्हा तसाच थांबतो. याला दुर्बीण लागत नाही. लोकांना सांगा, त्याच्या तीन बुड्या होईपर्यंत इथून हलायचं नाही. मोबाइलमध्ये डोकं घालून आलेली पोरंसुद्धा दुसऱ्या बुडीपासून मासा मिळणार की नाही यावर आपसात बोलायला लागतात. छातीवर दोन काळे पट्टे असतील तर नर, एकच आणि तोही मध्ये तुटलेला असेल तर मादी, हे तेव्हा सांगा. त्या वेळी ते कायमचं लक्षात राहतं. आधी सांगितलं तर राहत नाही.

नंतर हळदीकुंकू बदक. काळी चोच, टोकाला पिवळा ठिपका, बुडाशी लाल. नाव सांगून चोच दाखवली की बायका लगेच ओळखतात, पुढच्या वेळी त्याच दुसऱ्यांना दाखवतात. टिबुकली, वारकरी, काठावरचा शेकाट्या आणि तारेवरचा वेडा राघू एवढ्यावर पहिली फेरी संपवा. अमुक इतक्या जाती पाहिल्या याची चढाओढ लावू नका. कुणी आकडा विचारला तर सांगा, पण फेरी आकड्यासाठी धावायला लागली की मागे राहिलेल्या माणसाला काहीच दिसत नाही.

उभं राहण्याची जागा आधी दोन-तीन सकाळी जाऊन नक्की करा. सूर्य पाठीशी हवा. म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघायचं. उलट्या काठावर उभे राहिलात तर सगळे पक्षी काळेच दिसतात आणि चांगला जाणकारही गप्प बसतो. सूर्योदयानंतरचे दोन तास खरे, नऊनंतर ओढून ताणून चालवू नका.

माणसं पंधरा. वाट दाखवणारा एकच आणि तोही नवखा असेल तर त्याहून जास्त घेऊ नका, जास्त नावं आली तर दोन गट करून दोन टोकांनी निघा. दिवस पक्का ठरवा, समजा दुसरा रविवार, पण त्या दिवशी आठवडी बाजार नको. महिलांनी, मुलींनी यावं असं वाटत असेल तर एक गोष्ट कार्यक्रमपत्रिकेत छापा: जवळच्या शाळेचं स्वच्छतागृह उघडं राहील. हे न लिहिल्यामुळे किती जणी घरीच थांबतात हे आयोजक पुरुषांच्या लक्षातच येत नाही. शुल्क सुरुवातीला नको. फेरीनंतर शाळेच्या ओट्यावर चहा आणि मुरमुऱ्यांचा सुशीला ठेवा, खर्च वाटून घ्या. निम्म्या गप्पा आणि पुढच्या फेरीची निम्मी तयारी तिथेच होते.

परवानगीचं फार अवघड नाही. गावचा तलाव आणि गायरान यासाठी ग्रामपंचायतीला साधं पत्र द्या, सरपंचांना फेरीलाच बोलवा. मोठ्या धरणाच्या भिंतीवर जायचं असेल तर जलसंपदा विभागाला विचारल्याशिवाय जाऊ नका, तिथे फोटोला बंदी असू शकते. जायकवाडी, नायगाव मयूर किंवा येडशी रामलिंग घाटासारख्या अभयारण्यात वन विभागाची परवानगी घ्या. शाळेची मुलं असतील तर पालकांचं लेखी संमतीपत्र हवंच. आणि पाणी ओसरताना उघडा पडलेला गाळ वरून कोरडा, भेगाळलेला दिसतो पण आत ओला असतो. माणूस मांडीपर्यंत रुततो. मुलांना काठाच्या पक्क्या जमिनीवरून खाली उतरू देऊ नका.

पण हाच गाळ पक्ष्यांची खरी मेजवानी असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी मागे सरकलं की तुतारी, चिखल्या, पाणलावा चोची खुपसत फिरतात. त्यांना परतीच्या लांब प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते. थवा उडवून फोटो काढणारा कुणी गटात निघाला तर त्याला तिथेच थांबवा. प्रत्येक उड्डाणात त्या पाखरांनी खाल्लेलं खर्च होतं. तसंच मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं आणि घरट्याजवळ जाऊन फोटो काढणं, या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून बंद. हा नियम नंतर आणता येत नाही.

आता गायरान. तुम्ही त्याचा उल्लेख ओझरता केलाय, मला तर तलावापेक्षा त्याचंच अप्रूप जास्त. सरकारी कागदावर त्याला पडीक म्हणतात आणि लोकांनाही तसंच वाटतं. ऑक्टोबरअखेर तिथे जा. गवतावरून अगदी खालून, पंख जरा वर उचलून, डोलत जाणारा शिकारी पक्षी दिसेल, तो भोवत्या. मध्य आशियाकडून येतो, थंडीभर आपल्या माळावरचे टोळ आणि उंदीर खातो आणि रात्री गवतातच जमिनीवर बसतो. म्हणून संध्याकाळी उंच गवतात शिरू नका. चंडोल, डोंबारी, तितर, धाविक हे सगळे माळाचेच. वर आभाळात सापमार गरुड. मेंढपाळांना यातली बरीच पाखरं माहीत असतात. त्यांची नावं वेगळी असली तरी ती वहीत लिहून घ्या, पुस्तकातलं नाव त्याच्या शेजारी.

एप्रिल-मेमध्ये मात्र माळावर फेरी नको. माळटिटवी तेव्हा उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या मध्ये अंडी घालते. अंडी खड्यांसारखीच दिसतात, पंधरा माणसांच्या पायांत ती वाचणं कठीण. त्या उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. हे लांबून, रस्त्यावरून, एकाच दुर्बिणीतून पाळीपाळीने बघा. त्या दोन महिन्यांत फेरी गावातच घ्या, वड-पिंपळाखाली. फळं धरलेल्या वडावर सकाळी हरियाल येतो. आपला राज्यपक्षी आहे आणि बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो, कारण पानांत मिसळून जातो. तांबटाचा ठोका दुपारी सगळ्यांनी ऐकलेला असतो, तो ठोका कुणाचा हे दाखवा. मेअखेर पावशा ओरडायला लागला की शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, ‘पेर्ते व्हा’ त्यालाच आधी ऐकू येतं.

पावसाळ्यात चिखलामुळे लोक फेरी बंद ठेवतात. ठेवू नका. एखादी जुनी विहीर आणि तिच्यावर झुकलेली बाभूळ शोधा, सुगरणीची वसाहत मिळेल. विणणारा नर असतो. अर्धा खोपा विणून तो लोंबकळत पंख फडफडवतो, मादी येऊन बघून जाते, तिला पसंत पडला तर पुढचं काम होतं, नाहीतर तो खोपा तसाच अर्धवट राहतो. विहिरीपासून लांब बसून तासभर हे बघणं ही माझी सगळ्यात आवडती फेरी आहे. लहान मुलं घेऊन जा.

एक प्रसंग तुमच्यावर येणारच. हुरड्याच्या दिवसांत भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरतात. मचाणावर गोफण घेऊन बसलेला शेतकरी तुम्हाला दुर्बिणीसकट बघेल आणि म्हणेल, आमची कणसं जातात आणि तुम्ही त्यांचं कौतुक करता. त्याच्याशी वाद घालू नका, त्याचं नुकसान खरं आहे. थांबा, थवा कधी येतो, कुठून येतो, कुठे मुक्कामाला जातो हे त्यालाच विचारा. भोरड्या टोळही खातात हे त्याने विचारलं तर सांगा. आमच्याकडे असाच एक जण पुढे फेरीला यायला लागला आणि माळावरचे भोवते सगळ्यांत आधी त्यालाच दिसतात.

साधनांचं थोडक्यात. दुर्बीण ८×४२ ची घ्या. पहिला आकडा किती पटीने मोठं दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची दुर्बीण नवख्याच्या हातात थरथरते. दोन दुर्बिणींवर सुरुवात होते. पुढे वर्गणी जमली तर तलावासाठी तिकाटण्यावरची एक चांगली स्पॉटिंग स्कोप घ्या. पक्षी ओळखून देणारं मर्लिन अॅप उपयोगी आहे, पण फेरी संपल्यावर शंका फेडायला. फेरीत लोकांनी मोबाइलकडे बघायला नको.

आणि नोंद ठेवा. तारीख, वेळ, किती अंतर चाललात, दिसलेला प्रत्येक पक्षी, अगदी कावळा-चिमणीसुद्धा, अंदाजे संख्येसह. तीच यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. देशभरातल्या अशाच साध्या माणसांच्या याद्यांवरून २०२३ च्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेता आला, आणि दसऱ्याला आपण ज्याचं दर्शन शुभ मानतो तो नीलपंख कमी होतोय हे त्यातूनच पुढे आलं. मराठवाड्यातल्या मोठ्या धरणांच्या नोंदी बऱ्या आहेत, छोट्या पाझर तलावांच्या आणि माळांच्या फार थोड्या. एकाच वाटेच्या वर्षभराच्या बारा याद्या ही तुमच्या तालुक्यासाठी मोलाची गोष्ट ठरेल. उद्या त्या गायरानावर कुणी काही बांधायला निघालं तर ग्रामसभेत ठेवायला तुमच्या हातात कागद असेल.

सुरुवात पक्षी सप्ताहात करा, ५ ते १२ नोव्हेंबर. वनलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा हा आठवडा राज्यात २०२० पासून अधिकृतपणे साजरा होतो, त्यामुळे शाळा आणि वन विभाग दोघांनाही सोबत घेणं सोपं जातं. तज्ज्ञ नाही याची काळजी सोडा. तुमच्यापैकी दोघांनी आतापासून रोज सकाळी अर्धा तास तलावावर जाऊन वीस पक्षी नीट ओळखायला शिका, पहिल्या वर्षाला तेवढं पुरतं. न ओळखलेला पक्षी दिसला तर लोकांसमोर वहीत वर्णन लिहा आणि पुढच्या फेरीत नाव सांगा.

तलावाची भिंत कोणत्या दिशेला आहे आणि मार्चमध्ये पाणी साधारण कुठवर ओसरतं ते इथे लिहा, म्हणजे सकाळी उभं राहायच्या दोन जागा मी सुचवते.