काळानिळा हात आणि दहा वेळांचं पॅकेज

प्रश्न : वय 56. दोन महिन्यांपासून उजवं कोपर बाहेरच्या बाजूने दुखतंय. पोळ्या लाटताना, ओलं फडकं पिळताना कळ येते. फिजिओथेरपिस्टनी ‘टेनिस एल्बो’ सांगितलं आणि स्टीलच्या पट्टीने हात घासला. दोन दिवस हलकं वाटलं, पण हात काळानिळा झाला. ‘आतल्या गाठी फुटतायत’ म्हणाले. दहा वेळांचं पॅकेज घेऊ का? गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी चालू आहे.
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी लिहिलीत! क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याच्या हातावर जोर लावून पट्टी फिरवली की त्वचेखाली रक्त साकळणारच. तेव्हा पट्टी बंद. गोळी मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही. लोक नेमकं उलटं करतात, म्हणून बजावतेय.

पट्टीशी माझं वैर नाही, मीही वापरते. क्रीम लावून, बोथट कडेने, एका जागी मिनिटभर. लाली आली की थांबायचं. चिनी लोकांची ग्वा शा, म्हणजे अंग घासण्याची पद्धत, जुनीच, आपल्याकडे काशाच्या वाटीने तळपाय घासतात. अमेरिकेत 1990च्या दशकात ‘ग्रॅस्टन’ नावाने स्टीलच्या पट्ट्यांचा संच निघाला आणि भाव वधारला.

‘गाठी फुटतात’ हे मला पटत नाही. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा कोपराच्या हाडाला जिथे चिकटते, तिथलं हे दुखणं. घासल्याने वेदना काही काळ दबते, हात मोकळा होतो, इतकंच. त्या कंडरेला ताकद द्यायची तर व्यायामच हवा. तो कुणी शिकवला का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

हात टेबलावर ठेवा, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. हातात अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली. डाव्या हाताने उजवा पंजा वर उचला, मग डावा सोडून बाटली सावकाश, चार-पाच सेकंद घेत, खाली येऊ द्या. असं 15 वेळा. थोडं थांबून पुन्हा, एकूण तीन फेऱ्या, रोज एकदा. करताना जरा दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ठणका वाढला तर बाटलीतलं निम्मं पाणी ओतून द्या. फरक पडायला दीड ते तीन महिने लागतात, आठवड्याभरात कंटाळू नका.

फडकं नळाला अडकवून पिळा. पिशवी तळवा वर ठेवून उचला. लाटणं मुठीत आवळू नका. पॅकेजचे पैसे तूर्त राहू द्या.

बोटांना मुंग्या येत असतील किंवा हातातून कप निसटत असेल, तर मानही तपासून घ्या.