व्ह्यू दीडशे, डिसलाइक चारशे!

प्रश्न : माझं पाककृतींचं यूट्यूब चॅनल आहे. नऊशे सबस्क्रायबर. थालीपिठाच्या व्हिडिओला एका रात्रीत चारशेवर डिसलाइक पडले आणि व्ह्यू दीडशेच. न बघता नापसंत कसं केलं? व्हिडिओ काढून पुन्हा टाकू का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : काढू नका. जुन्या व्हिडिओनं कमावलेला वॉच टाइम (लोकांनी तो पाहण्यात घालवलेला एकूण वेळ) आणि कॉमेंट जातील आणि ज्याला खोडीच काढायची आहे तो नव्या व्हिडिओवरही येईल.

आकड्यांचं कोडं सोपं आहे. व्ह्यू आणि पसंती-नापसंती यांची मोजदाद वेगवेगळी चालते. बटण दाबलं की डिसलाइक पडतो. व्ह्यू मात्र खरा वाटला तरच धरला जातो. 2015 च्या ऑगस्टपर्यंत नव्या व्हिडिओचा आकडा ‘301+’ वर अडकून बसायचा, तो याच तपासणीमुळे. वर व्ह्यू 301 आणि खाली लाइक दोन हजार, असं दृश्य तेव्हा सर्रास दिसे. आता आकडा अडकत नाही, पण गाळणी आहेच.

हे डिसलाइक बॉटचे (बनावट खात्यांतून आपोआप बटणं दाबणाऱ्या प्रोग्रामचे) की माणसांचे, हे तुम्हाला घरबसल्या तपासता येईल. काँप्युटरवर यूट्यूब स्टुडिओ उघडा, तो व्हिडिओ निवडा, ‘अ‍ॅनालिटिक्स’मधून ‘अ‍ॅडव्हान्स्ड मोड’मध्ये जा. मेट्रिक (काय मोजायचं ते) म्हणून डिसलाइक घ्या आणि ते तारखेनुसार पाहा. लोकांची नाराजी दोन-चार दिवस रेंगाळत उतरते. बॉटचा आलेख खांबासारखा : एका दिवशी उभा, दुसऱ्या दिवशी शून्य. मग तेच देशानुसार पाहा. मराठीत थालीपीठ थापताय आणि डिसलाइक जिथे तुमचा एकही प्रेक्षक नाही अशा देशांतून, तर शंका पक्की. देश भारतच दिसला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. भाड्यानं घेतलेल्या घरगुती इंटरनेट जोडण्यांमधून बॉट हवा तो देश दाखवू शकतात. अशा वेळी त्याच दिवसाचा सरासरी पाहण्याचा कालावधी बघा. एरवी तीन मिनिटं असणारा कालावधी सहा-सात सेकंदांवर आला असेल तर ते बघणारे नव्हते.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. डिसलाइकचा ढीग म्हणजे बॉटच, असं नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये ‘सडक 2’ या हिंदी सिनेमाच्या ट्रेलरला एक कोटीवर डिसलाइक पडले, तेव्हा लोकांनी सोशल मीडियावर डिसलाइक करण्याची उघड हाक दिली होती. एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमची लिंक ‘हे काय थालीपीठ!’ म्हणून फिरली, तरी छोटं चॅनल हादरतं. तसं असेल तर कॉमेंटमध्ये माणसं बोलतात. कांदा कच्चा राहिला, भाजणी चुकली, असं काहीतरी नेमकं लिहितात. बॉट एक तर गप्प असतात किंवा कुठल्याही व्हिडिओखाली चालेल असं एकच वाक्य चिकटवतात.

हल्ला असेल तर आलेखाचे स्क्रीनशॉट काढा आणि स्टुडिओतल्या ‘फीडबॅक पाठवा’मधून तारीख व व्हिडिओची लिंक देऊन कळवा. बनावट खाती बंद झाली की त्यांचे लाइक-डिसलाइकही गळतात, पण त्याला वेळ लागतो. तुमच्या प्रेक्षकांना तो आकडा दिसत नाहीच. नोव्हेंबर 2021 मध्ये यूट्यूबनं डिसलाइकची संख्या सर्वांपासून लपवली, तेव्हा छोट्या चॅनलांवर ठरवून होणारे हल्ले हेच कारण दिलं होतं.

प्रश्न : ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन (जोडीला बसवायचा छोटा प्रोग्राम) टाकलं की डिसलाइक पुन्हा दिसतात. तो आकडा खरा का?
— विद्यार्थी, लातूर

उत्तर : अंदाज आहे. यूट्यूबनं डिसेंबर 2021 मध्ये बाहेरच्या प्रोग्रामना हा आकडा देणं बंद केलं. त्याआधी साठवलेली माहिती आणि एक्स्टेंशन वापरणाऱ्यांनी दाबलेली बटणं, यांवरून पुढचा हिशेब मांडतात. जुन्या, गाजलेल्या व्हिडिओंना बरा लागू पडतो. कालच्या मराठी व्हिडिओला नाही. खरा आकडा फक्त चॅनलच्या मालकाला स्टुडिओत दिसतो.

प्रश्न : ‘एसएमएम पॅनेल’ म्हणजे लाइक-व्ह्यू विकणाऱ्या वेबसाइटवर हजार लाइक दोन-तीनशे रुपयांत मिळतात. डिसलाइकवर उतारा म्हणून घ्यावेत का?
— हौशी गायक, कोल्हापूर

उत्तर : औषध रोगापेक्षा वाईट. या धंद्यात ‘ड्रॉप’ आणि ‘रिफिल’ हे शब्द रोजचे आहेत. ड्रॉप म्हणजे घेतलेले लाइक गळणं, रिफिल म्हणजे विकणाऱ्यानं ते पुन्हा भरून देणं. माल टिकत नाही, हे विकणाराच कबूल करतो! त्यात विकतचे व्ह्यू घेतले तर खरं नुकसान होतं. आलेली खाती गाणं ऐकत नाहीत, पाच सेकंदांत निघून जातात. लोक हे गाणं अर्धवट सोडतात, असा यूट्यूबचा समज होतो आणि पुढे शिफारशीत ते मागे पडतं. शिवाय बनावट एंगेजमेंट, म्हणजे असे खोटे लाइक-व्ह्यू, यूट्यूबच्या नियमाबाहेर आहे. 90 दिवसांत तीन स्ट्राइक (नियम मोडल्याच्या नोंदी) झाले की चॅनल बंद. लाइक त्रयस्थाकडून आले, ही सबब चालत नाही.

कायदाही हळूहळू जागा होतोय. अमेरिकेत ‘डेवुमी’ ही कंपनी यूट्यूबचे व्ह्यू आणि सबस्क्रायबर विकायची. 2019 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेनं तिच्या मालकाशी 25 लाख डॉलरच्या दंडावर प्रकरण मिटवलं. ऑक्टोबर 2024 पासून तिथे बॉटचे फॉलोअर आणि व्ह्यू धंद्यासाठी जाणूनबुजून विकणं आणि विकत घेणं, दोन्हींवर थेट नियमानं बंदी आहे.

प्रश्न : टेलिग्रामवर यूट्यूब व्हिडिओ लाइक करायचे प्रत्येकी 50 रुपये देतात. मला 150 रुपये मिळालेही. आता ‘प्रीपेड टास्क’साठी 5,000 भरायला सांगतात.
— एक वाचक, पनवेल

उत्तर : भरू नका. तुमच्या लाइकची तिथे कुणालाच गरज नाही. ते 150 रुपये गळाला लावलेलं आमिष आहे. 5,000 भरले की स्क्रीनवर 6,500 दिसतील. काढायला गेलात की ‘टास्क अपुरा’, आणखी 20,000 भरा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. ग्रुप त्याआधी सोडू नका, चॅट पुसलं जातं.